दहाव्या स्टडचा आवाज

काकाजींना ऐकू येत नाही, ही गोष्ट मला कोणीतरी आधीच सांगायला हवी होती. नागपुरात सक्करदऱ्याला त्यांच्या टिनाच्या शेडमध्ये पहिल्यांदा गेलो, तेव्हा दारात उभा राहून चांगली पाच मिनिटं मी माझी सगळी कर्मकहाणी त्यांच्या पाठीला ऐकवली. पाठ हलली नाही. मग ते वळले, मला पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "कोन्या गाडीचं हेड हाय?"

मी थक्कच झालो. एवढं ऐकून घेऊन नेमका एकच प्रश्न विचारणारा माणूस मला कॉलेजातसुद्धा भेटला नव्हता. पुढे कळलं, त्यांनी एक अक्षर ऐकलेलं नव्हतं. त्यांच्या दारात जो उभा राही तो अडकलेलं हेड घेऊनच आलेला असे, आणि त्या सगळ्यांचे चेहरे म्हणे सारखेच असत.

मी तेव्हा तर्कशास्त्र शिकवत असे. अमुक असेल तर तमुक, हे पोरांच्या गळी उतरवण्याचा मला पगार मिळे. काकाजींशी गाठ पडली ती सत्तरनंतरच्या एका मे महिन्यात, कॉलेजला सुट्टी असताना. त्या तीन आठवड्यांत माझं शास्त्र त्यांच्यापुढे पार उताणं पडलं. हा माणूस मला तेव्हा कळला नाही आणि आता म्हातारपणी लिहायला बसलो तरी पुरता कळलेला नाही.

घोटाळ्याचं मूळ असं, की गाडी माझी नव्हती. ती माझ्या सासऱ्यांची. सासरे धरमपेठेतले निवृत्त वकील. गाडी विलायती, त्यांच्या उमेदीच्या काळातली. तिला धुवायचे ते स्वतः, पुसायचे ते स्वतः, आणि तिच्याविषयी बोलायचं झालं तर तेही स्वतःच. त्या मे महिन्यात ते जबलपूरला थोरल्या लेकीकडे निघाले. जाताना किल्ली माझ्या हातावर ठेवून म्हणाले, "दर रविवारी दहा मिनिटं इंजिन सुरू करायचं. जागच्या जागी. गाडी फाटकाबाहेर काढायची नाही."

पहिल्याच रविवारी मी बायकोला घेऊन रामटेकला निघालो. कशाला, ते मला आजही सांगता येणार नाही. नवीन लग्न आणि हातात किल्ली, एवढंच. अर्ध्या वाटेत गाडीच्या नाकातून वाफ निघाली. मी घाबरून शेजारच्या शेतातल्या विहिरीचं गार पाणी आणलं आणि तापलेल्या इंजिनात ओतलं. आतून काहीतरी कटकन वाजलं. एका ट्रकवाल्याने दोर बांधून गाडी नागपूरला ओढून आणली.  घरी आल्यावर बायको म्हणाली, "बाबांना काय सांगून राहिलात तुम्ही?"

"ते यायच्या आत दुरुस्त करतो," मी म्हणालो.

पण दुरुस्ती करायला इंजिन उघडावं लागतं, आणि तेच होईना. इंजिनाचं वरचं जड झाकण, ज्याला हेड म्हणतात, ते खालच्या धडाला अकरा स्टडांनी आवळलेलं होतं. स्टड म्हणजे बिनडोक्याचा बोल्ट. एक टोक धडात रुतलेलं, दुसऱ्यावर नट. नट निघाले, पण वर्षानुवर्षांच्या गंजाने स्टड हेडाला असे चिकटले होते की हेड जागचं हलेना. एक गॅरेजवाला म्हणाला, घन मारतो. दुसरा म्हणाला, हेड कापावं लागेल. त्या गाडीचे सुटे भाग मिळणं बंद होऊन जमाना झाला होता; इंजिनाला तडा गेला असता तर गाडी भंगारातच जाणार होती आणि सासऱ्यांसमोर मी तोंड दाखवू शकणार नव्हतो. शेवटी तिसऱ्याने पत्ता दिला. "स्टडसाठी एकच माणूस हाय. सक्करदऱ्याचे काकाजी. फक्त त्यायले टाइम नका विचारू."

गाडी पुन्हा दोर बांधून त्यांच्या शेडवर आणली आणि अर्थातच मी पहिल्याच दिवशी टाइम विचारला. ओरडून विचारला. काकाजी शांतपणे म्हणाले, "ओरडू नका गा मास्तर. ओरडल्यानं मले आवाज नाई येत, फक्त तुमचा राग दिसते." आणि त्यांनी खडूचा तुकडा माझ्या हातात दिला. शेडचं दार काळ्या रंगाचं होतं. ज्याला जे म्हणायचं ते त्यावर लिहायचं. मी लिहिलं, 'किती दिवस?' त्यांनी वाचलं, मान डोलावली आणि गाडीकडे गेले. उत्तर आलं दुसऱ्या दिवशी सकाळी. "सुटतीन तवा सुटतीन."

तरुणपणी ते कुठल्याशा कारखान्यात बॉयलरच्या कामावर होते. लोखंडावर लोखंड आदळण्याच्या त्या गदारोळात वीस-पंचवीस वर्षं काढल्यावर कान गेले. एवढं मला काकीजींनी सांगितलं. काकीजी म्हणजे त्यांच्या बायको. शेडमागच्या दोन खोल्यांत दोघंच राहत. "कानाचं काय घेऊन बसले, भाऊ," त्या म्हणाल्या, "कान होते तवाबी माह्यं कवा ऐकलं त्यायनं!"

तर अशा या पूर्ण बहिऱ्या माणसाची काम करायची सगळी रीत आवाजावर चाले. इथून माझ्या गोंधळाला सुरुवात झाली.

रोज सकाळी ते रॉकेल आणि ब्रेक ऑइलचं मिश्रण पिचकारीने एकेका स्टडच्या बुडाशी सोडत. मग ब्लो लॅम्पने आजूबाजूचं लोखंड तापवत आणि तापल्या जागी मेणबत्ती टेकवत. मेण पातळ होऊन फटीत नाहीसं होई. त्यापायी ते मेणबत्त्यांची पुडकीच्या पुडकी घेत. कोपऱ्यावरच्या दुकानदाराची समजूत होती की यांच्या घरी वीजच नाही. मग खरा कार्यक्रम. डाव्या हाताची तर्जनी स्टडच्या मुळाशी टेकवायची, उजव्या हाताने लहान हातोडीचा एक टोला मारायचा, आणि जो समोर असेल त्याला विचारायचं, "कसा आवाज येऊन राहिला?"

स्टड घट्ट असेल तर ठण्ण असा टणक आवाज येतो. आत तेल मुरलं, गंज सुटला, की तोच आवाज बसका होतो. टणक असेल तर त्याने बोट वर करायचं, बसका असेल तर पंजा आडवा धरायचा. काकीजींना विचारत, दूधवाल्याला विचारत, पत्ता विचारायला थांबलेल्या वाटसरूला विचारत. विचारल्याशिवाय त्यांनी एकाही स्टडला पाना लावला नाही. मला सुट्टी होती आणि जीव टांगणीला लागलेला होता, म्हणून मी रोजच तिथे जाऊन बसे. त्यामुळे माझ्या गाडीचा कान मीच झालो.

मी एकदा दारावर लिहिलं, 'तुम्हाला बोटाने कळतं, तर आम्हाला का विचारता? आणि आम्ही सांगतो त्यावर चालता, तर बोट का लावता?' कॉलेजात याला मी बिनतोड म्हटलं असतं. काकाजींनी दोनदा वाचलं, ओल्या बोळ्याने दार स्वच्छ पुसलं आणि म्हणाले, "अक्षर चांगलं हाय तुमचं."

त्यांचा दुसरा नेम असा, की कोणतीही गोष्ट सोडवायच्या आधी ती थोडी आवळायची. स्टडवर दोन नट एकमेकांवर घट्ट बसवायचे, त्यांना पाना लावायचा आणि आधी केसभर उजवीकडे, म्हणजे घट्ट करायच्या बाजूला, फिरवायचं. मग डावीकडे. त्याने म्हणे गंजाची पकड मोडते. असेल. पण दाराची कडी काढतानाही ते आधी ती आत ढकलत. लोणच्याच्या बरणीचं झाकण आधी घट्ट करत. एकदा मी निघालो आणि काकाजींनी माझा हात धरून मला पुन्हा बाजेवर बसवलं, क्षणभर बसू दिलं आणि मग म्हणाले, "जा आता." ही थट्टा होती की नेम, मला ठरवता आलं नाही. काकीजी मात्र तोंडाला पदर लावून हसत होत्या.

शनिवारी ते स्टडला हात लावत नसत. मी मनात म्हटलं, शनिवार, लोखंड, तेल, ठीक आहे. आमच्याकडेही शनिवारी लोखंड विकत घेत नाहीत. तसं दारावर लिहिलं तर काकाजी पहिल्यांदाच मोठ्याने हसले. "आमी ते सगळं छप्पन सालीच सोडलं, मास्तर. दीक्षा घेतली त्याच दिवशी. शनीबी गेला अन् मंगळबी गेला." मग शनिवारी काम का नाही? याचं उत्तर पुढच्या शनिवारी मिळालं. "सहा दिवस आपण त्याले छळतो. एक दिवस त्याचं त्याले राहू द्या."

निघालेला प्रत्येक स्टड ते एका पुठ्ठ्यात खोचत. पुठ्ठ्यावर इंजिनाचा नकाशा काढलेला, अकरा भोकं पाडलेली. ज्याची जागा त्यालाच. आठवड्याभरात पाच निघाले, मग एका दिवशी एकदम तीन. माझ्या जिवात जीव येऊ लागला. मलाही आता आवाजातला फरक कळायला लागला होता. चार वर्षं पोरांना शिकवून जो आनंद मिळाला नव्हता तो मला पंजा आडवा धरताना मिळायचा, हे कबूल केलं पाहिजे. नववा निघाला, अकरावा निघाला. राहिला दहावा.

दहावा काही ऐकेना. तेल, आग, मेण, सगळं झालं. रोज ठण्ण. रोज मी बोट वर करायचो, रोज काकाजी मान डोलावून हातोडी खाली ठेवायचे. असे चार दिवस गेले आणि सोमवारी जबलपूरहून पोस्टकार्ड आलं. सासरे ठरल्यापेक्षा आधीच, बुधवारी सकाळी पोचणार होते. बायकोने कार्ड माझ्यापुढे धरलं. मला रात्रभर झोप लागली नाही.

मंगळवारी सकाळी काकाजींनी बोट टेकवलं, टोला मारला. "कसा आवाज येऊन राहिला?"

आवाज ठण्ण होता. पहिल्या दिवशी होता तसाच, स्वच्छ. मी पंजा आडवा धरला.

काकाजी माझ्याकडे पाहत राहिले. डाव्या हाताचं बोट अजून स्टडवरच होतं. त्यांनी पुन्हा एक टोला मारला. पुन्हा ठण्ण. "पक्कं?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. आज हेड निघालं तर संध्याकाळपर्यंत हेडखाली नवीन गॅस्केट बसेल, रात्री गाडी धरमपेठेत जाईल, एवढा एकच हिशेब माझ्या डोक्यात होता. त्यांनी दोन नट बसवले, पाना लावला, आधी केसभर उजवीकडे, मग डावीकडे. स्टड तुटला.

काकाजींनी हातात आलेला वरचा तुकडा पाहिला, तो पुसला आणि पुठ्ठ्यात दहाच्या जागी खोचला. मग बाजेवर बसले आणि काकीजींना म्हणाले, "पाणी दे वं."  

बुधवारी मी सासऱ्यांना स्टेशनवरून घरी पोचवलं. त्यांनी गाडीची रिकामी जागा पाहिली आणि त्याच पावली मला घेऊन रिक्षाने सक्करदऱ्याला निघाले. तोवर काकाजींनी हेड उतरवलं होतं, पण इंजिनाच्या धडात स्टडचा मोडका बुंधा तसाच होता. सासऱ्यांनी वाकून तो पाहिला. मी काही बोलायच्या आत काकाजी उठून उभे राहिले.

"वकीलसायेब, माह्या हातानं तुटला," ते म्हणाले.

त्या क्षणी बोलायला हवं होतं. खडू माझ्या खिशातच होता. पण गाडी फाटकाबाहेर काढल्याचं एक पाप माझ्या माथी होतंच, त्यात आणखी एक घालायची माझी छाती झाली नाही. सासरे काकाजींकडे न बघता मला म्हणाले, "गाडी बाहेर काढली हे वाईट केलंत. पण माणूस तरी धड बघायचा होता." काकाजींना ऐकू येत नव्हतं, हे माझं नशीब. पण ओठ पाहून त्यांना किती कळायचं, हे मला कधीच समजलं नाही.

तो बुंधा त्यांनी आठ दिवसांत काढला. हाताने फिरवायच्या ड्रिलने बरोबर मध्यभागी भोक पाडलं, त्यात चौकोनी पोलादाचा तुकडा ठोकला आणि बुंधा अलगद फिरवून बाहेर आणला. धडाच्या आट्यांना ओरखडासुद्धा आला नाही. मधल्या काळात त्यांनी किती जणांना आवाज विचारला असेल कोण जाणे; मी तिकडे फिरकलोच नाही. गाडी सुरू झाली, पुढे कित्येक वर्षं चालली.

पण सासऱ्यांचा गोतावळा मोठा. कोर्टातले जुने मित्र, त्यांच्या जुन्या गाड्या. "म्हाताऱ्याचा हात गेला आता," हे वाक्य त्यांनी किती ठिकाणी टाकलं असेल त्याला गणती नाही. ज्या गॅरेजवाल्याने मला पत्ता दिला होता तो वर्षभराने रस्त्यात भेटला. म्हणाला, "काकाजीकडे आता कोणी जात नाई. काही तरी तोडलं म्हणे त्यायनं. स्टोव्ह दुरुस्त करून राहिले आता."  घरी आलो आणि मला जेवण गेलं नाही. ज्या माणसाने मला कधी खोटं पाडलं नाही त्याचं नाव मी एका पंजाने बुडवलं होतं, आणि ते मला माहीत असून मी वर्षभर मजेत वर्गात सत्य-असत्य शिकवत होतो. मला स्वतःची शिसारी आली.

दुसऱ्या दिवशी गेलो. शेडमध्ये सात-आठ स्टोव्ह ओळीने मांडलेले. काकाजी थकलेले दिसले. मी खडू घेतला आणि दारावर सगळं लिहिलं. आवाज टणक होता. मी खोटं सांगितलं. सासरे येणार होते म्हणून. अक्षर गिचमिड आलं.

काकाजींनी सावकाश वाचलं. या वेळी उत्तराला दुसरा दिवस लागला नाही.

"मले माहीत होतं," ते म्हणाले. "बोट लावलं होतं ना मी. तो सुटला नव्हता."

 मी लिहिलं, 'तर फिरवला काहून?' मी आयुष्यात पहिल्यांदाच काहून लिहिलं.

"तुमाले विचारलं होतं ना."

मला काही उमगलं नाही, हे त्यांना चेहऱ्यावरून दिसलं असावं. त्यांनी हातातला स्टोव्ह बाजूला ठेवला.

"कारखान्यात माह्यं काम बोट लावाचंच होतं, मास्तर. आतून मी बोट लावू, बाहेरून दुसरा घन मारे. मले समजे कोणता रिवेट बसला अन् कोणता नाई. बावीस वर्षं समजे. पण विचारे कोण? साहेब विचारे घन मारणाऱ्याले. मी सांगतो म्हटलं तर म्हणत, तू चूप राय. एक डाव पत्रा फाटला, दोन माणसं भाजली. मले माहीत होतं फाटते म्हणून." त्यांनी चिंधीने हात पुसले. "तवा ठरवलं. आपल्या हातात काम आलं तर विचारूनच करू. अन् ज्याले विचारलं त्याचं मानू. नाई मानलं, तर मंग विचाराचं कायले?"

मी लिहिलं, 'माझं खोटं होतं तरी?'

"ते तुमचं तुमी पाहा," ते म्हणाले आणि पुन्हा स्टोव्हला लागले.

याला न्याय म्हणावं, हट्ट म्हणावं की वेड, मला अजून ठरवता आलेलं नाही. डोळ्यांदेखत चुकीचं होताना कळत असून पाना फिरवणारा माणूस बरोबर कसा? आणि त्याच्यासमोर उभं राहिल्यावर आपणच पुरते चूक आहोत, असं का वाटत राहतं? त्या दिवशी मी फक्त एवढंच केलं, की तिथून घरी न जाता धरमपेठेत गेलो.

सासरे व्हरांड्यात वर्तमानपत्र वाचत होते. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. पंजा, पोस्टकार्ड, काकाजींचं बोट, सगळं. सासऱ्यांनी चष्मा काढला. तीस वर्षं कोर्टात साक्षीदारांची उलटतपासणी घेतलेला माणूस, पण पहिला प्रश्न विचारायच्या आधी त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली.

"आणि हे त्यांना आधीपासून माहीत होतं?" ते म्हणाले. "मग माझ्यासमोर का नाही बोलले ते?"

"त्यांना कोणी विचारलं नव्हतं," मी म्हणालो. "मीसुद्धा."